न पोळणारा हात

पाथर्डी

गावाचं नाव सांगणार नाही. प्रवासवर्णनात हा मोठाच दोष आहे, पण शेवटपर्यंत वाचलंत तर तुम्हीही ते विचारणार नाही. एवढं सांगतो की ते पाथर्डीच्या पलीकडे, गर्भगिरीच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं आहे. एस.टी. जाते तेव्हा जाते, एरवी जीप भरेपर्यंत वाट पाहायची. 'जीप भरली' म्हणजे काय, याबद्दल तिकडची समजूत आणि आपली समजूत यांत बऱ्याच माणसांचा फरक आहे.

मी पुण्यात राहतो आणि आरोग्याच्या पुस्तिका लिहितो. हात कसे धुवावेत, डास अंडी कुठे घालतात, हे गेली अनेक वर्षं मी महाराष्ट्राला चार रंगांत सांगत आलो आहे. कुष्ठरोगाची पुस्तिकाही माझीच. ती लिहिताना मी एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. संगमनेरच्या माझ्या मावसभावाची मुलगी मृणाल या भागातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. तिचा फोन आला, "काका, आमच्याकडे घरोघर कुष्ठरोगाची तपासणी सुरू होतेय. तुमची पुस्तिका वाचतं कोण, ते एकदा येऊन बघा." इतकं अपमानास्पद निमंत्रण नाकारणं कठीण असतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण कंडक्टर "नगर, नगर" असंच ओरडतो आणि अहिल्यानगरला जाणारी माणसं मुकाट्याने त्यात चढतात. पाथर्डीच्या अलीकडे समोरून ट्रॅक्टर येऊ लागले. प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत चटया, बांबू, हंडे, कोंबड्या, शेळ्या आणि या सगळ्यांच्या वर माणसं. ऊसतोडीला निघालेली. पुण्यात उसाशी माझा संबंध आलं-लिंबू घातलेल्या रसापुरता. त्यामागे एवढं बिऱ्हाड हलतं हे पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकात शेळी ओरडत नाही.

ज्या आठवड्यात निम्मा तालुका बाहेर पडतो, नेमक्या त्याच आठवड्यात घरोघर तपासणी का ठेवली, असं मी मृणालला विचारलं.

"तारीख वरून येते, काका."

'वर' हा आपल्याकडे देवाचा आणि सरकारचा सामाईक पत्ता आहे. दोघांनाही उलट विचारता येत नाही.

फुल्यांचं गाव

गावात मला दोन माणसांच्या हवाली करण्यात आलं. एक अलका, गावची आशाताई. तिशी ओलांडलेली, सडपातळ, चालताना आणि बोलताना सारख्याच वेगाची. दुसरे बबनराव, पुरुषांना तपासायला घेतलेले स्वयंसेवक. एरवी त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. बायकांना अलका घरात नेऊन तपासायची, पुरुषांना बबनराव अंगणात उन्हात उभं करून. तपासणी दिसायला अगदी साधी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का पाहायचं. असला तर माणसाला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचं टोक हलकेच त्यावर टेकवायचं, आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. दाखवता आलं तर चट्टा साधा. नाही आलं तर दवाखाना.

घर झालं की दारावर खडूने खूण करायची. कुलूप असलं की फुली. पहिल्या आळीत सलग फुल्या निघाल्या. दारात तुळस, अंगणात उलटी ठेवलेली खाट, खुंटीला दोरी, आणि कुलूप. पुण्यात बंद घर म्हणजे माणसं गोव्याला गेली. इथे बंद घर म्हणजे ती कुठल्या तरी कारखान्याच्या फडात पालं टाकून बसली असणार, आणि थंडी संपून उन्हाळा लागला की परत येणार.

उरलेल्या घरांत बहुतेक म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, आणि ज्यांची ट्रॉली अजून निघायची होती ती थोडी माणसं. एका आजोबांचा सदरा काढून बबनरावांनी त्यांच्या पाठीवर पेन टेकवलं.

"डोळं मिटा, आप्पा. सांगा, कुटं टोचतंय?"

"सुनंचं बोलनं टोचतंय. ते कुटं दावू?"

आतून सुनेचा आवाज आला, "दावा की! डागदर औशीद देत आसल तर मला बी घेऊन या!"

दुसऱ्या घरी एका धिप्पाड बाईने दारातच अलकाची वाट अडवली. "मागं आलीस तवा थुकी मागितलीस. त्याच्या आदी रगत नेलंस. आता कातडं बघतीया म्हनं. पुढच्या बारीला काय नेनार हाय?"

"तुमचं त्वांड नेते, मावशी. आमच्या दवाखान्यात कुनी बोलायलाच न्हाई."

दोघी हसल्या, आत गेल्या, दार लोटलं गेलं. दिवसभर असंच चाललं. अलकाने एकदाही रोगाचं नाव घेतलं नाही. 'चट्टा बघायचाय' एवढंच. मी माझ्या पुस्तिकेत ते नाव पहिल्या पानावर, मोठ्या टाईपात, लाल रंगात छापलं होतं. ती पुस्तिका मला दोन घरांत दिसली. एकात तिने खिडकीची फुटलेली काच झाकली होती, दुसऱ्यात शेंगदाणे.

चूल

दुपारचं जेवण शाळेत होतं. आईबाप उसाला गेले की मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेच्या दोन खोल्यांत हंगामी वसतिगृह चालतं. मुलं रात्री आजीकडे झोपतात आणि दोन्ही वेळा जेवतात इथे. पत्र्याच्या शेडमध्ये चूल, आणि चुलीपुढे गयाबाई. गावाची लेक असल्यामुळे मोठी माणसं तिला गयाआक्का म्हणतात आणि मुलं आत्या. पन्नाशीच्या आतली, ठेंगणी, रुंद कपाळाची. मी चष्मा लावतो आणि खांद्याला पिशवी अडकवतो, त्यामुळे त्या गावात मी भाऊसाहेब झालो होतो. तिनेही तेच पुढे चालवलं.

"बसा, भाऊसाहेब. हुलग्याचं शेंगुळं चालत्यात का? पुन्याच्या मानसाला काय, बिस्कुटं लागत्यात."

हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेले, आणि बाजरीची भाकरी. पुण्यात बाजरी संक्रांतीला, तीळ लावून, कौतुकाने खातात. इथे ती खाण्याला कौतुक लागत नाही. पण माझं लक्ष ताटात नव्हतं. गयाआक्का भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, उलटायची आणि सरळ निखाऱ्यावर धरायची, सगळं नुसत्या बोटांनी. निखारा पुढे ओढायला चिमटा नाही. तवा उतरवायला फडकं नाही. तापलेला तवा तिने ताटली उचलावी तसा उचलून बाजूला ठेवला.

"चटका बसत नाही?" मी विचारलं.

उत्तर पंगतीत बसलेल्या मुलींनीच दिलं. "आत्याच्या हाताला इस्तू लागत न्हाई! देवीचा हात हाय!"

मग ती गोष्ट मला अलकाने सांगितली. काही वर्षांपूर्वी नवरात्रात प्रसादाची कढई चुलीवरून कलंडली. समोर लेकरं बसलेली. गयाआक्काने ती दोन्ही हातांनी धरली आणि लोक धावून येईपर्यंत तशीच धरून ठेवली. तोंडातून हूं की चूं नाही. तेव्हापासून नवरात्रातली कढई तीच उतरवते, उघड्या हातांनी, सगळ्या गावासमोर, हलगी वाजत असताना. नवी चूल घातली की पहिली भाकरी तिच्या हातची. वसतिगृहाचं काम निघालं तेव्हा दुसऱ्या कुणाचं नावच आलं नाही. त्याआधी ती कोण होती? नवऱ्याने घराबाहेर काढलेली, भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहणारी बाई. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं. आता लग्नात तिला पुढे बसवतात.

"लोक म्हनत्यात देवीचा," गयाआक्का म्हणाली, "मी आपली म्हनते, चुलीची सवय." म्हणताना ती खूश होती. पीठ मळता मळता तिने मला पावसाचं विचारलं, तुमच्याकडे कसा झाला, आमच्याकडे तर आभाळ नुसतं तोंड दाखवून गेलं. तिच्या डाव्या हाताची करंगळी तव्याच्या कडेला टेकलेली होती. पाऊस, विहीर, टँकर असं सगळं तिने सांगितलं आणि करंगळी तिथेच होती. बारीक चर्र असा आवाज आला. मग वास आला.

मी अलकाकडे पाहिलं. ती त्याच करंगळीकडे पाहत होती. तिच्या हातातला घास तसाच राहिला होता.

'चटका बसूनही न कळणे.' माझ्या पुस्तिकेतलं पान तीन. शेजारी मी एक हसरा तवा काढून घेतला होता, मुलांना आवडावा म्हणून.

जेवणं झाली, मुली उठून गेल्या. अलकाने हात धुतले आणि अगदी सहज म्हणाली, "आक्का, तुमचं बघायचं ऱ्हायलंच की. चला आत, दोन मिंटं."

"माझं काय बघतीस? रोज तर बघतीस."

"म्हनूनच ऱ्हायलं."

धान्याच्या खोलीचं दार लोटलं गेलं. बबनराव आणि मी बाहेर पोत्यांवर बसलो. आतलं बोलणं ऐकू येत होतं. पदर बाजूला घ्या, पाठ वळवा. आता डोळे मिटा. मग गयाआक्काचा आवाज आला, थोडा वैतागलेला.

"अगं, टेकव की पेन! कवाची डोळं मिटून बसलीया मी."

बबनरावांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले.

कोपराची शीर

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला जीपने आरोग्य केंद्रात नेलं. शेजारणीला अलकाने सांगितलं, आक्काची शुगर बघायची आहे. मृणालने तिला तपासलं. पाठीवर आणि दंडावर चट्टे होते. कोपराच्या आतल्या बाजूची शीर तिने माझ्या हाताला लावून दाखवली, जाड, दोरीसारखी. निरोगी माणसाची ही मज्जातंतूची शीर इतकी जाड लागत नाही. दोन्ही तळहात सुन्न, डावा जास्त. बोटांच्या आतल्या बाजूला जुने व्रण होते, एकावर एक, इतके की ती कातडीच वाटावी.

"कढई धरली तेव्हा फोड आले नव्हते?" मृणालने विचारलं.

"आल्ते की. पन दुखलं न्हाई. दुखंना तर मग कुनाला दावायचं?"

मृणालने नीट, हळू, समोर बसून सांगितलं. हे नाव, हा रोग. पूर्ण बरा होतो. वर्षभर रोज गोळी घ्यायची, महिन्यातून एकदा मोठा डोस, पहिला आत्ताच माझ्यासमोर. एकदा औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला होत नाही, स्वयंपाक खुशाल करा. पण हाताची जी जाणीव गेलीय ती बहुधा सगळी परत येणार नाही. म्हणून आता हात जपायचे. तवा फडक्याने, निखारा चिमट्याने. आणि कढई पुन्हा कधीच नाही. जखमा होत राहिल्या, चिघळत राहिल्या, तर बोटं जातील.

गयाआक्का ऐकत होती. तिने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे.

"म्हंजी देवीचं न्हाई," ती म्हणाली.

देवाधर्माच्या नावाखाली चालणाऱ्या चमत्कारांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं आहे. अशा प्रत्येक कढईखाली काय असतं हे मला माहीत असतं आणि ते मी जेवणाच्या टेबलावर सांगतही असतो. त्या दिवशी माझं म्हणणं खरं ठरत होतं, आणि मला ते खोटं ठरायला हवं होतं.

"अलके," गयाआक्का म्हणाली, "ह्यो हात गावानं मानला म्हनून मी गावात हाय. न्हाई तर मला कोन इचारतं? गोळ्या घिते मी. रोज घिते. चिमटा बी घिते. पन गावाला कळता कामा न्हाई."

"आक्का, माज्या लेकराची आन. कुनाला कळायचं न्हाई."

"तुजं ठीक हाय. ह्यांचं?" तिने माझ्याकडे बोट केलं.

मी कुणाला सांगणार नाही म्हणालो. गावाचं नाव गाळून का होईना, ते मी पाळलं आहे.

परत जाताना अलकाने बाजारातून लांब दांड्याचा चिमटा आणि जाड सांडशी घेतली. "म्हनायचं, वसतिगृहाला नवं सामान आलंय," ती म्हणाली. पुढचे दोन दिवस मी रोज दुपारी शाळेत जेवलो. गयाआक्का चिमट्याने भाकरी उलटत होती. पहिल्या चार भाकऱ्या फाटल्या. मुलींनी विचारलं, आत्या, चिमटा का? ती म्हणाली, "सरकारनं दिलाय, वापराय नगं का? लोखंडाला काय देव कमी हाय?" मुलींना ते पटलं. मलाही वाटायला लागलं की हे निभावेल.

सत्कार

मग समारोप आला.

मोहीम सुरू करताना कार्यक्रम झालेला होता, तेव्हा संपवताना तो होणं ओघानेच आलं. वरून एक साहेब येणार होते. त्यांना मी आदल्या संध्याकाळी आरोग्य केंद्रात भेटलो. वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मनमिळाऊ, वाचणारा, भेदभावाची मनापासून चीड असलेला. माझी पुस्तिका त्यांना आवडली होती. हसरा तवासुद्धा.

"तुमच्या अहवालात वाचलं, एक केस निघाली ना, मॅडम?" ते मृणालला म्हणाले. "उद्या त्या भगिनीचाही सत्कार करू."

मृणाल म्हणाली, "सर, नाव गोपनीय असतं."

"नाव कुठं घेतोय आपण? आशाताई, स्वयंसेवक, सरपंच, शाळेचे गुरुजी, सगळ्यांचाच सत्कार आहे. त्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई. मोहिमेतल्या लोकांना जेवू घातलं म्हणून. कुणाला काय कळतंय? तिला मात्र कळेल की समाज आपल्या पाठीशी आहे."

मृणालने पुन्हा हरकत घेतली. मीही घेतली. साहेबांनी आमच्या दोघांच्या खांद्यांवर हात ठेवला. आपल्याकडे माणसाचं भलं करायचं झालं की एकच साधन हाती असतं, शाल आणि नारळ. माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, निवृत्त झाला, वारला, तरी तेच. साहेबांना दुसरं काही सुचलं नाही, यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पांढऱ्या चादरी घातलेले सोफे, गुच्छ, आणि विझणारी समई पेटवायला चार जण. फ्लेक्सवर रोगापेक्षा फोटो जास्त. राहिलेलं सगळं गाव आलं होतं, ज्यांची ट्रॉली दोन दिवसांवर आली होती ती माणसंसुद्धा. गयाआक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बायकांत पुढे बसली होती. तिला सांगितलं होतं, जेवणाबद्दल सत्कार आहे. तिच्या आयुष्यातला तो पहिलाच.

साहेब चांगलं बोलले. फार चांगलं बोलले, हीच अडचण झाली. "या गावात एक भगिनी निघाली," ते म्हणाले. "मी नाव घेणार नाही. पण तिने न लपवता तपासणी करून घेतली, औषध सुरू केलं. मला अभिमान वाटतो."

मांडवात कुजबुज सुरू झाली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. कोण?

मग सत्कार. सरपंच, गुरुजी, बबनराव. अलकाला शाल दिली तेव्हा तिची नजर जमिनीवर होती. मग गयाआक्काचं नाव पुकारलं गेलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ती पदर सावरत, हसत वर आली. साहेबांनी तिला शाल पांघरवली, नारळ दिला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. आणि मग त्यांना भरून आलं. तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्यांनी वर उचलला आणि माईकमध्ये म्हणाले,

"हा रोग हात धरल्याने होत नाही! बघा. मी धरलाय!"

फोटोवाल्याने फोटो काढला.

नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. शब्दाचे पक्के.

टाळ्या फक्त सोफ्यांवरून आल्या. गयाआक्काच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, घरातली माणसं गेल्यावर दिवा चालू राहावा तसं. ती खाली उतरली आणि मघाच्या जागी जाऊन बसली. दोन्ही बाजूंच्या बायका पदर आवरून घेत सरकल्या. त्यांना सरकायचं नव्हतं असं मला अजून वाटतं. अंगच सरकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत गेलो तर मुलं ओळीने बसली होती आणि प्रत्येकापुढे घरचा डबा होता. एक आजी सांगत होती, पोरीचं पोट बिघडलंय, चार दिस घरचंच खाऊ द्या. सगळ्याच पोरींचं पोट एकाच रात्रीत बिघडलं होतं. सरपंच शेडच्या दारात उभे होते. चपला न काढता.

"आक्का, तुमाला कुनी काय म्हनलं का? न्हाई ना? चार दिस आराम करा, एवढंच. आमी हावोत की."

"व्हय," गयाआक्का म्हणाली. "मी कुटं काय म्हनलं?"

टोपलीत भाकरी रचलेल्या होत्या, सगळ्या मुलांना पुरतील इतक्या. मी ताट घेतलं आणि तिच्यासमोर बसलो. मोठ्याने म्हणालो, मला वाढा, भूक लागली आहे. तिने दोन भाकऱ्या वाढल्या, वर ठेचा. मी खात होतो आणि शेडबाहेरून लोक बघत होते. मीही ते बघावं म्हणूनच खात होतो. साहेबांनी हात धरला, मी भाकरी धरली. फरक फार नव्हता, आणि तो तिला कळत होता.

"खावा," ती म्हणाली. "पन तुमचं खाल्लेलं कुनी धरायचं न्हाई, भाऊसाहेब. तुमी पाव्हनं. खाताल न जाताल."

ट्रॉली

तिने उसाला जायचं ठरवलं. भावाची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती, सांगलीकडच्या एका कारखान्याला. कोयता धरायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या. उसाचं पातं सुरीसारखं असतं. ज्याला लागलेलं कळतं त्याचे हातसुद्धा दिवाळी ते उन्हाळा ओरखड्यांनी भरलेले असतात. मृणाल फोनवर ओरडली, "काका, त्यांना थांबवा! सहा महिन्यांत बोटं घालवून येतील." मी फोन गयाआक्काच्या कानाला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डागदरीनबाई, तितं मला कुनी वळखत न्हाई." फोन मला परत दिला.

अलकाने रात्र जागून जुन्या जीनच्या पँटींचे हातमोजे शिवले होते. दोन जोड. गोळ्यांची पाकिटं प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तिने गयाआक्काच्या गाठोड्यात खोल खुपसली.

"रोज सांजच्याला हात बघायचं, आक्का. पुढनं, मागनं. लागल्यालं तुमाला समजायचं न्हाई, बघाच लागंल. आन् गोळी चुकवायची न्हाई."

"न्हाई चुकवत."

"मला फोन करायचा."

"करते." मग गयाआक्का म्हणाली, "रडू नगं. तू काय केलंस? तू तर बघितलंस. आजवर कुनी बघितलं हुतं का?"

ट्रॅक्टर मारुतीच्या पाराजवळ उभा होता. दुपारचं ऊन डोक्यावर. मागच्या ट्रॉलीत माणसं चढली, हंडे, चटया, बांबू, एक शेळी, दोन करडं. बायका एकमेकींच्या मांड्यांवर बसल्या, लेकरं हंड्यांच्या मधे बसवली. पाय ठेवायला जागा नाही अशी ट्रॉली भरली. गयाआक्का शेवटी चढली आणि मागच्या कोपऱ्यात बसली. पण तिच्याभोवती हळूहळू एक मोकळी जागा झाली. एखादं माणूस सहज आडवं होईल एवढी. तिने पाय लांब केले.

"बघा, भाऊसाहेब," ती मला म्हणाली, "कशी ऐसपैस बसलीया."

ट्रॅक्टरने गचका घेतला. बाकीचे सगळे एकमेकांवर आदळले आणि हसले. गयाआक्काच्या जवळ धरायला कुणी नव्हतं. तोल सावरायला तिने ट्रॉलीची पत्र्याची कड डाव्या हाताने घट्ट धरली आणि तशीच धरून ठेवली.

अलका मागे धावली. "आक्का, पत्रा तापलाय! हात काढा! आक्का!"

ट्रॅक्टरवर गाणं लावलेलं होतं, मोठ्याने. गयाआक्काला काही ऐकू गेलं नाही. आम्ही निरोप देतोय असं तिला वाटलं. तिने दुसरा हात वर केला आणि वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिली.